थेरड्याचं वाकडं तोंड

माझं लग्न ठरलं तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं, की सासरे बाहुल्यांचे खेळ करतात आणि सासूबाई घरी शिवणकाम करतात. शिवणकाम म्हणजे मी समजले पडदे, उशांचे अभ्रे, फार तर शेजारच्या मुलींचे फ्रॉक. लग्नानंतर पहिल्याच सकाळी सासूबाई माझ्यापुढे चहाचा कप ठेवून म्हणाल्या, "तू बस निवांत. मला दोघांची कातडी उतरवायची आहेत, मग बोलू." मी कप उचललाच नाही. नवऱ्याकडे पाहिलं, तर तो वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसला होता. या घरात हे रोजचंच असणार, एवढं मला त्यावरून कळलं.

कातडं म्हणजे बाहुलीच्या अंगावर चढवायचं कापड. बाहुल्या आतून फोमच्या. गल्लीच्या टोकाला गाद्यांचं दुकान चालवणारा एक माणूस उरलेल्या फोमची मुंडकी कोरून देतो. त्याला सगळे फोमवाला म्हणतात आणि त्याचा त्याला राग येतो, कारण आपण कलाकार आहोत असं त्याचं ठाम मत आहे. त्याच्याकडून पोत्यात भरून मुंडकी येतात तेव्हा राजा, भिकारी, शिक्षिका आणि चोर सगळे सारखेच दिसतात, सोललेल्या बटाट्यासारखे. त्यांचं माणूस होतं ते सासूबाईंच्या टेबलावर.

टेबल खिडकीशी. त्यावर सुयांचा डबा, मेणाचा तुकडा, कात्र्या आणि एक जुना दातांचा ब्रश. कापड असतं मऊ, बारीक लवेचं, आणि ते एकाच दिशेनं ताणलं जातं. ती दिशा गालावर आडवी यायला हवी आणि लव नाकाकडून हनुवटीकडे उतरायला हवी. उलटी आली तर खेळाच्या दिव्याखाली एक गाल धुवायचा राहिल्यासारखा दिसतो. टाका आतून घालायचा: एकदा या काठाचं कापड उचलायचं, एकदा त्या काठाचं, आणि दोरा ओढला की दोन्ही काठ आत वळून एकमेकांना भिडतात. मग ब्रशनं वरची लव विंचरायची. शिवण गेली कुठे ते शोधून दाखव, असं त्या मला नेहमी म्हणायच्या. मी खूप दिवस प्रामाणिकपणे शोधली, नंतर नुसतीच मान हलवायला लागले. त्यांना तेवढं कौतुक पुरत होतं. कुठे शिवण जरा तिरकी गेली तर मात्र सगळं काम उसवून पुन्हा करायच्या, मग बाहुल्यांच्या मंडळीचा मॅनेजर दारात का उभा असेना.

शेवटची शिवण मानेमागची. ती सासूबाई हातावर शिवत. बाहुलीचं तोंड चालतं ते आत घातलेल्या हातानं. चार बोटं वरच्या जबड्यात, अंगठा खालच्या. हात आत नसताना फोम आक्रसून बसलेला असतो. त्या मापानं कातडं बंद केलं तर हात घातल्यावर ते ताणतं आणि बाहुली जांभई दिल्यासारखी आ वासून बसते. म्हणून जो ती बाहुली चालवणार, त्यानं हात आत घालून समोर बसायचं, तोंड उघडमीट करत राहायचं, आणि सासूबाई त्या हाताभोवती शिवण मिटवत न्यायच्या. सुई फोमच्या पलीकडे गेली की सासरे ओरडायचे.

"अगं, आत जिवंत माणूस आहे!"

"मग हलू नका. बाहुली हलत नाही, तुम्ही हलता."

त्या दोघांचा संसार मी असाच पाहिला. माझा नवरा या सगळ्यापासून चार हात लांब. लहानपणी त्याला बाहुल्यांची भीती वाटायची. आता वाटत नाही असं तो म्हणतो, पण टेबलाला वळसा घालून जातो.

सासऱ्यांनी बाहुल्या पुष्कळ चालवल्या, पण नाव झालं ते थेरड्याचं. थेरडा म्हणजे डोक्याला विणलेली टोपी घातलेला, सदा कुरकुरणारा म्हातारा. हवा गार म्हणून कुरकुर, गरम म्हणून कुरकुर. त्याची गंमत त्याच्या तोंडात होती. बोलायला लागला की खालचा जबडा एका बाजूला सरकायचा, आणि काहीतरी चघळत चघळत तक्रार केल्यासारखं व्हायचं. तो पडद्यावरून नुसतं डोकं वर काढून तोंड उघडायचा आणि मुलं लोळायला लागायची. शब्द यायचे मागाहून.

घरी कुणीही आलं, की सासऱ्यांना त्या तोंडाबद्दल विचारणा व्हायची, आणि झाली नाही तर ते स्वतःच विषय काढायचे. उजवा हात पुढे धरून सांगायचे, "सगळी करामत मनगटाची आहे. असं जरा आत वळवायचं. दिसायला सोपं आहे, पण वर्षानुवर्षं घासावं लागतं." पाहुणे आपापली मनगटं वळवून बघायचे. सासूबाई तेव्हा मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसायच्या. सुईत दोरा आधीच ओवलेला असायचा, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

मग सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला. बोलणं शाबूत राहिलं याचा सगळ्यांना आनंद झाला, पुढे त्यातल्या काहींचा थोडा कमी झाला. उजवा हात मात्र तसाच जड राहिला. डाव्या हातानं प्रयत्न करून पाहिला, पण शब्द एकीकडे आणि बाहुलीचं तोंड दुसरीकडे व्हायला लागलं. एकदा तर बोलणं संपल्यावरही तोंड चालूच राहिलं. त्या दिवशी त्यांनी बाहुली काढून ठेवली आणि सासूबाईंच्या टेबलासमोर खुर्ची टाकून बसले. तिथून ते उठायचे जेवायला आणि झोपायला. व्यायामाला जायचं तर घरादारानं मिनतवाऱ्या करायच्या.

मंडळीचा मॅनेजर भला माणूस. त्यानं बरेच दिवस थेरड्याचं नाव काढलं नाही. शेवटी नवा खेळ ठरला तेव्हा तो एका मुलीला घेऊन घरी आला. मुलगी मंडळीत नवीनच होती. आवाज खणखणीत, हात चपळ, आणि समोरच्यानं नुसतं बघितलं तरी "सॉरी काका" म्हणायची सवय. मॅनेजर म्हणाला, थेरडा आता हिला द्यावा म्हणतो.

सासऱ्यांनी कपाटावरची पेटी डोळ्यांनीच दाखवली. सासूबाईंनी थेरड्याला पेटीतून उचललं, तसा त्याच्या मानेतून पिवळा भुगा ओघळला. फोमचं असंच होतं, बाहेरून कळत नाही. कातडं जागच्या जागी होतं, टोपी होती, भुवया होत्या, आणि आत काहीच नव्हतं. सासरे खिडकीबाहेर बघत राहिले.

म्हणून थेरडा नव्यानं करायचं ठरलं. फोमवाल्यानं जुन्या मापावरून मुंडकं कोरलं. सासूबाईंनी जुनं कातडं उसवून त्याच्या तुकड्यांवरून कागद कापले, नवं कापड फार ताजंतवानं दिसतं म्हणून ते चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारं केलं, आणि मानेमागची शिवण त्या मुलीच्या हातावर शिवली. एकदाही सुई टोचली नाही. मुलगी हलतच नव्हती. मग मॅनेजरसमोर तिनं थेरड्याला बोलतं केलं.

आवाज अगदी बरोबर होता. कुरकुर बरोबर होती. पण तोंड सरळ उघडायचं आणि सरळ मिटायचं. कुणीतरी निवृत्त मुख्याध्यापक हवामानाची माहिती देतोय, असं वाटत होतं. कुणालाच हसू येईना.

"हा कोण?" सासरे म्हणाले. "हा तर बँकेत नोकरीला आहे."

मुलीनं मनगट आत वळवलं, बाहेर वळवलं, कोपर वर घेतलं. थेरडा मान मुरगळल्यासारखा करायला लागला, पण तोंड सरळ ते सरळ.

"मी म्हणत नव्हतो?" सासरे मॅनेजरला म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात जोर आला होता. "मनगट लागतं. ते काय दुकानात मिळतं?"

"सॉरी काका," मुलगी म्हणाली.

मॅनेजर दारात मला हळूच म्हणाला, की शनिवारी तो पुन्हा येईल. तोवर काही जमलं तर ठीक, नाहीतर थेरडा वगळून त्याच्या जागी पोपट घ्यावा लागेल. पोपट तयारच आहे. एकदा वगळला की पुन्हा कोण आणतंय, हे त्यानं बोलून दाखवलं नाही, पण मला समजलं.

स्वयंपाकघरात सासूबाई कप विसळत होत्या. मी म्हटलं, पोरीला सराव नाही, जमेल हळूहळू.

"तिचं मनगट मोडेल, पण तोंड वाकडं व्हायचं नाही," त्या म्हणाल्या. "ते मनगटात नाहीच मुळी."

मग त्यांनी नळ बारीक केला आणि सांगितलं. थेरडा पहिल्यांदा शिवला तेव्हा सासरे दौऱ्यावर होते. परत येणार ते थेट खेळाच्या जागी, आणि बाहुली तिथे तयार हवी होती. घरात दुसरा हात नव्हता. माझा नवरा तेव्हा एवढासा. बाहुली दिसली की पलंगाखाली. मग सासूबाईंनी स्वतःचाच हात आत घातला. उजव्या हातात सुई, म्हणून आत डावा. डाव्या हाताचा अंगठा उलट बाजूनं येतो. फोम त्या हातावर बसला, कातडं त्यावर मिटलं, आणि मग त्यात सासऱ्यांचा उजवा हात गेला. जबडा ओढला जायला लागला तो तिथून.

"मी खेळ बघायला गेले होते. त्याचं तोंड बघितलं. म्हटलं, आता ओरडतील, घरी गेल्या गेल्या उसवायचं. पण लोक हसत सुटले होते. आणि हे घरी आले ते मनगट दाखवतच."

"मग आताही तसंच शिवा की."

"समोर बसलेले असतात ना दिवसभर. डावा हात आत घातला की कळेल."

"कळू दे," मी म्हटलं. मला तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

सासूबाईंनी नळ बंद केला. "हात गेला. खेळ गेला. चार माणसांत सांगायला हे एक मनगट उरलंय त्यांच्याकडे. तेही मीच काढून घेऊ?"

थेरडा वाचवायचा तर सासऱ्यांची बढाई जाणार, आणि बढाई ठेवायची तर थेरडा कायमचा पेटीत. दोन्ही त्यांचंच होतं, आणि निवड सासूबाईंनी करायची होती.

त्यांनी आधी वाटा शोधून पाहिल्या. मानेमागची शिवण तशीच ठेवून एका गालाला आतून चिमटा घेतला. थेरडा दाढ दुखल्यासारखा दिसायला लागला. तो उसवला. मी म्हटलं, माझ्या खोलीत बसून शिवा. त्यांनी सुयांचा डबा उचलला मात्र, सासरे म्हणाले, "कुठे चाललं सामान? तिथे उजेड तरी आहे का?" डबा परत टेबलावर आला. शेवटी आम्ही दोघींनी ठरवलं, की शनिवारी सकाळी मी त्यांना व्यायामाला घेऊन जायचं आणि वाटेत जितका वेळ काढता येईल तितका काढायचा.

सासरे तयार झाले. दारापर्यंत आले, चपला घातल्या, आणि थांबले. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा टेबलाकडे.

"मला घराबाहेर काढायची आज एवढी घाई का झालीय?"

"घाई कसली बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर रोजच सांगतात." चपला काढून ते परत खुर्चीत जाऊन बसले.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केले. मग त्या टेबलाशी बसल्या, थेरडा पुढ्यात घेतला आणि मानेमागची शिवण उसवली. दोऱ्याचे तुकडे वेचून बाजूला ठेवले. सुईत नवा दोरा ओवला. आणि सासऱ्यांच्या समोर, त्यांच्या डोळ्यांदेखत, डावा हात थेरड्याच्या आत घातला.

त्या बोटं उघडायच्या, मिटायच्या, टाका घालायच्या, दोरा ओढायच्या. थेरडा त्यांच्या हातावर गपागपा तोंड हलवत होता, आवाजाविना. मी दाराशी उभी. सासरे पुढे वाकून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर होत नव्हता.

"अंगठा अजून खाली घे," सासरे म्हणाले.

सुई थांबली.

"तेव्हा तुझा अंगठा याच्यापेक्षा खाली होता. आणि कानामागे दोरा जास्त ओढला होतास. तिथे आत एक चुणी पडायची. माझ्या करंगळीला लागायची ती."

सासूबाईंनी मान वर केली. "तुम्हाला माहीत होतं?"

"हात घातल्याबरोबर कळलं. आतली जागाच डाव्या हाताची. उजव्या हातात सुई धरून डावा आत घालणारं माणूस घरात एकच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू उसवून सरळ शिवलं असतंस. तुला काय ओळखत नाही मी?"

हे खरं होतं. सासूबाईंनी विचारलं, "आणि मनगट?"

सासऱ्यांनी मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "एकदा सांगून गेलो. मग लोक विचारतच राहिले."

मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही. ही बाई आपली चूक उघडी पडू नये, यांचा मान राहावा, म्हणून मूग गिळून बसली होती, आणि हे तिच्याच चुकीवर टाळ्या घेत राहिले. तिच्यासमोर, तिच्याच घरात, पाहुण्यांना हात दाखवत! मी काहीतरी बोलणारच होते. पण सासूबाई पुन्हा कामाला लागल्या होत्या.

"अजून खाली?" त्यांनी विचारलं.

"अजून जरा. हां. आता कानामागे ओढ."

शिवण मिटली. सासूबाईंनी हात काढून घेतला आणि ब्रशनं मानेवरची लव विंचरली. मी उगाच बोट फिरवून पाहिलं. शिवण सापडली नाही.

दुपारी मॅनेजर आणि ती मुलगी आली. मुलगी आधीच घाबरलेली. तिनं उजवा हात आत घातला, थेरड्याला टेबलाच्या कडेवरून वर आणला, आणि तोंड उघडलं. खालचा जबडा सरकत सरकत बाजूला गेला. मॅनेजरला ठसकाच लागला. मुलगी स्वतःच हसायला लागली आणि तिच्या हसण्यानं थेरडा आणखी वाकडा झाला. पोपटाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

"काका, जमलं!" ती म्हणाली. मग तिला वाटलं असावं, की हे चुकून जमलंय, उद्या जमायचं नाही. तिनं दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट धरलं आणि सासऱ्यांपुढे गेली. "मी आत्ता कसं वळवलं होतं? तुम्ही सांगता तसंच ना? बघून सांगा ना, म्हणजे मी घासते."

मॅनेजरही कौतुकानं पुढे सरकला. त्याला हे भाषण पाठ होतं, तरी त्याला ते आवडायचं. सासऱ्यांनी सवयीनं उजवा हात उचलायला घेतला. तो मांडीवरून जेमतेम उठला. सासूबाई टेबलाशी बसून सुईत दोरा ओवत होत्या, आणि सुईत दोरा होता. एवढ्या वर्षांत निदान या वेळी तरी त्यांनी मान वर करावी, असं मला वाटलं. त्यांनी केली नाही.

सासऱ्यांनी हात परत मांडीवर ठेवला.

"मनगट सरळच ठेव," ते म्हणाले. "त्यात काही नाही. ते तोंड तसं शिवलेलं आहे."

"शिवलेलं?" मॅनेजर म्हणाला. "म्हणजे आधीपासून?"

"आधीपासून. हिनं शिवलंय. माझं मनगट सरळच असायचं."

खोलीत जरा अवघडल्यासारखं झालं. मुलगी थेरड्याकडे बघायला लागली, मॅनेजर छताकडे. सासूबाईंनी सुई मेणाच्या तुकड्यात खोचली. त्यांचे कान लाल झाले होते.

"आता अर्धवट सांगू नका," त्या त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या. "नुसत्या तोंडानं काय होतंय? बोलायचं कसं ते तुम्हीच सांगायचंय तिला. मला नाही येत ते."

सासऱ्यांनी डाव्या हातानं खुर्ची पुढे, त्या मुलीकडे ओढली.